मदत हवी आहे: मुलाखतीतला आवाज बदलायचा आहे, कुठलं सॉफ्टवेअर?

रानवारा_जळगाव
सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या डॉक्युमेंटरी पॉडकास्टचा दुसरा भाग सोमवारी द्यायचा आहे. त्यात एका आईची मुलाखत आहे, तिला ओळख नको आहे. ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये पिच, म्हणजे आवाजाची पट्टी, उतरवली तर बोलण्यातला जीवच जातो. मोफत काही असेल तर लगेच सांगा.

भुसावळकर
रेकॉर्डर कुठला? सातपुड्यात वारा फार, माइकला केसाळ कव्हर लावाच. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा.

रानवारा_जळगाव
भाऊ, रेकॉर्डिंग स्वच्छ आहे. आवाज बदलायचा आहे.

धडगावची
ताई, ती कुठल्या भाषेत बोलते? आणि भागात तिच्याबद्दल अजून काय काय आहे?

रानवारा_जळगाव
पावरी, सातपुड्यातली आदिवासी बोली. पाड्याचं नाव काढलंय. थोरला मुलगा नाशिकला दवाखान्यात होता ते आहे. धाकटी मुलगी वाहक निघाली, म्हणजे सिकलसेलचा दोष तिच्यातून पुढे जाऊ शकतो, आणि तिचं लग्न जमतंय, तेही आहे.

धडगावची
मग आवाज बदलून काय उपयोग? आमच्याकडे एवढ्यावरून घर ओळखतात. नाशिक आणि लग्न, दोन्ही काढा. आणि त्या मुलीला विचारलंय का? आईने स्वतःपुरती संमती दिली, मुलीचा रिपोर्ट मुलीचा आहे.
अजून एक. वाहक म्हणजे आजारी नव्हे, हे भागात स्पष्ट सांगितलंय ना? नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. एकच वाहक असेल आणि दुसऱ्याच्या रक्तात असा दोष नसेल तर बाळ फार तर वाहक होतं. २०२३ पासून राष्ट्रीय मोहीम आहे, २०४७ पर्यंत सिकलसेल संपवायचं म्हणतात, तपासण्या होतात. पण 'वाहक' एवढा शब्द ऐकून सोयरीक मोडते, हे मी घरात पाहिलंय.

ध्वनिमित्र
नुसती पिच बदलली तर कोणीही ती परत चढवून मूळ आवाजाजवळ जाऊ शकतं. दुसऱ्या पावरी बाईकडून तेच शब्द बोलून घ्या आणि श्रोत्यांना सुरुवातीलाच सांगा.

भुसावळकर
म्हणजे श्रुतिका झाली! डॉक्युमेंटरीत खरा आवाज हवा. रीपर सॉफ्टवेअरमध्ये पिचबरोबर फॉर्मंट, म्हणजे आवाजाचा पोतही हलवा, भुतासारखं वाटत नाही.

ध्वनिमित्र
शब्द तिचेच आहेत, श्रुतिका कशी? फॉर्मंट हलवूनही बोलायची लकब, मध्येच थांबणं तेच राहतं. शेजारीण दोन वाक्यांत ओळखेल.

केळीवाला_रावेर
विषय सोडून विचारतो. भाचा पत्रकारिता शिकतोय, पॉडकास्टच करायचं म्हणतो. पोट भरतं का यात?

रानवारा_जळगाव
@केळीवाला, नुसत्या आरोग्यावरच्या पॉडकास्टवर माझं घर चालत नाही. जाहिरातींचे व्हॉइसओव्हर करते, त्यावर हे काम उभं आहे. फेलोशिप मिळतात, क्षयरोगावरच्या बातमीदारीसाठी चेन्नईची 'रीच' संस्था देत आली आहे. भाच्याला आधी लिहायला लावा, अर्ज लेखनावर ठरतात.
@धडगावची, मुलीशी उद्या बोलते. ती नको म्हणाली तर तो तुकडा जाईल, भाग छोटा झाला तरी चालेल. नाशिक आत्ताच काढलं. धडगाव तालुक्याबाहेरची पावरी बोलणारी कोणी माहीत आहे का? मानधन देईन.

भुसावळकर
मूळ फाइल मात्र पुसू नका.

धडगावची
शहाद्याची मैत्रीण आहे, नर्स आहे. तिला विचारून व्यक्तिगत निरोप पाठवते. पण तिला शनिवारीच वेळ असतो, आणि ती आधी सगळा मजकूर वाचेल.

रानवारा_जळगाव
चालेल. शनिवारी शहाद्याला येते.