मदत हवी आहे: विद्यापीठाला संशोधनासाठी आमची दिव्यांग संघटना सोबत हवी आहे, कोणत्या अटी घालाव्यात?

खानापूर_संघटना:
बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली नोंदणीकृत दिव्यांग संघटना आहे. एका विद्यापीठाच्या विभागाकडून पत्र आलंय. ग्रामपंचायतीच्या योजना दिव्यांगांपर्यंत कितपत पोचतात, असा अभ्यासाचा विषय. त्यांना सदस्यांची यादी हवी (नाव, फोन, यूडीआयडी म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राचा क्रमांक), गावात ओळख करून देणारी माणसं हवीत आणि आमच्या लेटरहेडवर सहकार्याचं पत्र. पैशांबद्दल चकार शब्द नाही. संमतीपत्र इंग्रजी आणि कन्नडमध्ये, आमचे बरेच सदस्य मराठी शाळेत शिकलेले. विषय कामाचा आहे, म्हणून नकार द्यायचा नाही. पण सही करण्याआधी काय काय लिहून घ्यावं?

टिळकवाडी_२१:
आधी यादी थांबवा. सदस्यांनी नंबर संघटनेला दिलेत, विद्यापीठाला नव्हे. यूडीआयडी क्रमांकाचं तर या अभ्यासात काहीच काम नाही. त्यांनी एका पानाचं माहितीपत्रक द्यावं, ते तुम्ही सदस्यांना पाठवा. ज्याला बोलायचंय तो स्वतः फोन करेल. प्रतिसाद कमी येतो म्हणून कुरकुर होईल, होऊ दे की.

मग २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं कलम ६(२) छापून समोर ठेवा. संशोधनाला व्यक्तीची मुक्त संमती लागते, तीही तिला समजेल अशा माध्यमातून माहिती देऊन. शिवाय सरकारने नेमलेल्या दिव्यांगता संशोधन समितीची पूर्वपरवानगी लागते. त्या समितीत किमान निम्मे सदस्य स्वतः दिव्यांग किंवा दिव्यांगांच्या नोंदणीकृत संस्थांचे असायला हवेत. विद्यापीठाची नैतिकता समिती (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणारी) वेगळी. बहुतेकदा तिचंच पत्र पुढे केलं जातं. दोन्ही पत्रं मागा. मराठी संमतीपत्रही नैतिकता समितीने मंजूर केलेलं हवं, ऐनवेळी कुणीतरी टाइप करून आणलेलं चालत नाही.

निपाणी_रॅम्प:
पैशांचा तक्ता करारातच जोडा, 'नंतर बघू' वर सोडू नका. सहसंशोधक म्हणून काम करणाऱ्या तुमच्या सदस्यांचं मानधन, दुभाषी, वडापचं (शेअर जीपचं) भाडं आणि मदतनीसाचंही भाडं, प्रत्येकाची वेगळी ओळ. मदतनीसाचं भाडं धरलं नाही की व्हीलचेअरवाला सदस्य येतच नाही आणि अहवालात चालत येणाऱ्यांचीच मतं उरतात. विद्यापीठाचे पैसे बिलं दिल्यावर सुटतात, म्हणून आगाऊ रक्कम मागा. निधी परदेशी असेल तर आधी सीएला विचारा: २०२० च्या दुरुस्तीनंतर एफसीआरएचा (परदेशी देणगी कायद्याखाली आलेला) पैसा एका संस्थेने दुसरीला पुढे देणं बंद आहे.

सांकेतिक भाषेचे दुभाषी दोन हवेत, वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून. एकटा माणूस दमला की वाक्यं गाळायला लागतो. खेड्यातले बरेच कर्णबधिर भारतीय सांकेतिक भाषा शिकलेलेच नसतात, घरच्या खुणांवर चालतं. मग भाऊ नाहीतर आई अर्थ सांगते आणि उत्तर त्यांचंच नोंदलं जातं. तिथे चित्रं वापरा, वेळ दुप्पट धरा.

कॅम्प_एनव्हीडीए:
कागद स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये घेऊ नका, स्क्रीन रीडरला (अंधांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ते कोरं पान. युनिकोड वर्ड फाइल मागा. कन्नड मजकूर जुन्या नुडी फाँटमध्ये किंवा मराठी श्रीलिपीत (दोन्ही युनिकोड नसलेले जुने फाँट) असेल तर नुसती बडबड ऐकू येते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, एकदा लावून ऐका. वाचताच न येणाऱ्यांसाठी तीच संमती आवाजात रेकॉर्ड करून घ्या.

प्रश्नावली 'प्रमाणपत्र आहे का?' ने सुरू होत असेल तर कार्ड नसलेले सगळे तिथेच गळतात. वॉशिंग्टन ग्रुपचे (दिव्यांगता मोजायचे प्रश्न ठरवणारा आंतरराष्ट्रीय गट) सहा प्रश्न घ्यायला सांगा: दिसणं, ऐकणं, चालणं, आठवणं, स्वतःची निगा, बोलणं-समजणं. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असतात, त्यातलं 'खूप अडचण' किंवा 'अजिबात जमत नाही' एका जरी प्रश्नाला आलं की त्या माणसाला दिव्यांग मोजायचं. मानसिक आजारवाले मात्र यात निसटतात, त्यांच्यासाठी वेगळे प्रश्न घाला.

खानापूर_संघटना:
खूप आभार. फोनवर म्हणाले, परवानगी येईल तेव्हा येईल, तोवर दहा-बारा जणांवर पायलट (प्रश्नावलीची चाचणी) करूया. आणि गावात ग्रामपंचायतीचा व्हीआरडब्ल्यू (गावपातळीवरचा दिव्यांग पुनर्वसन कार्यकर्ता) सोबत घेऊ म्हणतात. चालेल का?

टिळकवाडी_२१:
पायलट नाही चालत, तिथेही माणसांनाच विचारतात. फार तर तुमचे पदाधिकारी प्रश्नावली वाचून शब्द सुचवतील, त्यांची उत्तरं नोंदवायची नाहीत. व्हीआरडब्ल्यू घर दाखवेल, पण मुलाखतीला बसायचं नाही. योजनेचे कागद त्याच्याच हातून जातात. त्याच्यासमोर 'पेन्शन अडलीय' कोण सांगणार? ही अट करारात स्वतंत्र कलम म्हणून घाला.