डिप्रेशनमधून सावरताना दिनक्रम कसा बसवायचा?

विश्रामबागकर: धाकट्या भावाच्या डिप्रेशनच्या गोळ्या सुरू होऊन दीड महिना झाला. झोप, जेवण सुधारलंय. पण सकाळी उठवत नाही, दुपारनंतर जरा बरा असतो. डॉक्टर म्हणाले, हळूहळू दिनक्रम बसवा. म्हणजे नेमकं काय करायचं? घरात कुणी चालायला जा म्हणतं, कुणी ध्यान कर म्हणतं. वय २६, सध्या कामावर जात नाही.

वहीवाला: सकाळी जड आणि संध्याकाळकडे हलकं, हा या आजाराचा नेहमीचा प्रकार. आळस नव्हे. त्यामुळे सकाळवर मोठं काम टाकू नका.

'मन झालं की करीन' हे इथे चालत नाही. आधी हात हलतात, मन मागून येतं. साधी वही घ्या. काम काय, करण्याआधी मन ० ते १० मध्ये किती, केल्यावर किती, एवढंच लिहायचं. ३ चे ४ झाले तरी ते काम यादीत ठेवा.

दिवसाला दोनच कामं पुरेत: एक उरकल्यासारखं वाटणारं, एक पूर्वी आवडणारं. नुसती उरकायची कामं दिली तर शिक्षा वाटते. आवडीचंही सुरुवातीला बेचव लागेल, तरी सोडू नका.

काम इतकं लहान हवं की वाईट दिवशीही होईल. 'कपडे आवर' नाही, तर दोरीवरचे पाच कपडे काढून घडी घालायची. पाच झाले की थांबायचं, उरलेले लोंबकळू देत. बिनसतं ते बहुधा चांगल्या दिवशीच! बरं वाटतंय म्हणून अख्खं कपाट उपसायचं, मग दोन दिवस अंथरुणात, आणि 'मला जमतच नाही' हे पक्कं. म्हणून चांगल्या दिवशीही ठरलेलं तेवढंच.

आमराईचा फेरा: उठायची वेळ धरा, झोपायची नको. रात्री कधीही डोळा लागो, साडेसात म्हणजे साडेसात, रविवारीसुद्धा. उठल्यावर तासाभरात गच्चीत २०-३० मिनिटं बसवा, चहा तिथेच द्या. आभाळ भरलेलं असलं तरी बाहेरचा उजेड ट्यूबलाइटच्या खोलीपेक्षा कितीतरी जास्त असतो, शरीराचं घड्याळ त्यावर लागतं. दुपारची झोप तीनच्या आत, अर्धा तास, गजर लावून. चारनंतर चहा नको.

चालणं सांगलीतल्या आमराई बागेत १० मिनिटांपासून. दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत ३० पर्यंत न्या. बोलता येईल पण गाता येणार नाही, इतका वेग पुरे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडचं ऊन बघता दिवस मावळल्यावरच. गोळ्यांत लिथियम (मनाचे चढउतार आवरणारं औषध) असेल तर घाम फार गाळू नये, अंगातलं पाणी कमी पडलं की त्याचं रक्तातलं प्रमाण वाढतं. नदीच्या घाटावर किंवा हरिपूरच्या संगमावर जायचं तर सोबतीनेच.

मिरजेची काकू: ध्यानाबद्दल माझं मत वेगळं. सुरुवातीला डोळे मिटून एकटं बसलं की अनेकांना तेच ते विचार घेरतात. त्यापेक्षा हाताला काम द्या: लसूण सोलणं, भडंगासाठी शेंगदाणे निवडणं. आणि 'कसं वाटतंय?' हे दिवसातून दहादा विचारू नका हो. 'भाजी आणायला निघालोय, पिशवी धरायला चल' म्हणावं. नको म्हणाला तर 'बरं, उद्या', पुढे व्याख्यान नाही.

गोळी-वेळेवर: बरं वाटलं म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका. बरं वाटल्यावरही साधारण ६ महिने तरी चालू ठेवतात. एकदम सोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड होऊ शकते. दारू पूर्ण बंद.

एक गोष्ट घरच्यांना सांगा. कधी कधी अंगात बळ आधी येतं, मन नंतर सावरतं. निराशा तशीच आणि हालचाल वाढली, किंवा निरवानिरवीचं बोलणं सुरू झालं, तर सरळ विचारा, 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, गोळ्यांचा साठा स्वतःकडे घ्या, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लावा. फुकट आहे, मराठीत बोलतात.

विश्रामबागकर: वही आजच आणतो. काम केल्यावर आकडा उलट खाली आला तर?

वहीवाला: एकदा आला तर काही नाही. तीनदा आला तर ते काम निम्मं करा, किंवा सकाळचं संध्याकाळी न्या. तरीही खालीच येत असेल तर यादीतून काढा. वही पुढच्या तपासणीला सोबत न्या, डॉक्टरांना डोस ठरवताना उपयोगी पडते.