Re: टर्बो गाडीचा पिकअप गेलाय, बूस्ट लीक घरी कसं शोधायचं?

दादा, डिझेल गाडी काळा धूर सोडतेय आणि शिट्टीसारखा आवाज येतोय म्हणताय, तर टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदलायच्या आधी प्रेशर टेस्ट कराच, म्हणजे ती दाबलेली हवा (बूस्ट) पाईपांतून कुठे गळतेय ते कळेल, गॅरेजवाला काहीही म्हणो. प्लंबिंगच्या दुकानातून टर्बोच्या इनलेटच्या मापाची पीव्हीसी एंड कॅप आणा, भोक पाडून त्यात ट्यूबलेस टायरचा व्हॉल्व बसवा. इंजिन बंद आणि थंड हवं, एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढून कॅप टर्बोकडच्या होजमध्ये (रबरी पाईपमध्ये) घालून क्लिप घट्ट आवळा आणि कंप्रेसरने हळूहळू हवा भरा, आधी ५ पीएसआय, मग १०-१२, कंपनीने ठरवलेल्या बूस्ट प्रेशरच्या वर अजिबात नको. कॅपसमोर उभं राहू नका, सुटली तर जोरात लागते.

मग साबणाचं पाणी इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) होजवर, क्लिपांवर सगळीकडे मारा, खास करून जिथे तेलकट धूळ चिकटलीय तिथे आणि होजच्या खालच्या बाजूला, चीर बहुतेक तिथेच असते आणि वरून दिसत नाही. प्रेशर थोडं उतरणारच, एखाद्या सिलिंडरचे व्हॉल्व उघडे असतात त्यामुळे सायलेन्सरमधून हवा येते, तो लीक नव्हे, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) जरासा फिरवून परत बघा. होज काढायच्या आधी हवा पूर्ण सोडा.