मोटर पाण्यात रुळवणे: उपाय की समजूत?

छोट्या रेसिंग गाड्यांची ब्रशवाली मोटर शर्यतीआधी पाण्यात बुडवून फिरवावी, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावी, असे नवख्यांना ठामपणे सांगितले जाते. यामागचे सत्य एवढेच की नव्या कार्बन ब्रशचे (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणाऱ्या तुकड्याचे) सपाट टोक कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर घासतो त्या फिरत्या गोल भागाच्या) गोलाईला नीट टेकत नाही; कमी व्होल्टेजवर, भार न देता मोटर फिरवली की ते झिजून त्या गोलाईत बसते आणि ठिणग्या कमी होतात; यालाच मोटर रुळवणे म्हणतात. बाकीचे विधी आपण सोडून द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद १: फ्रीजरबद्दल सहमत आहे, पाण्याबद्दल मुळीच नाही. पाणी मोटर थंड ठेवते आणि ब्रशची भुकटी वाहून नेते. पेल्यातले पाणी बघता बघता राखाडी होते, हे मी दर वेळी पाहतो. नंतर मोटर वाळवून तेल दिले की तिचे मिनिटाला होणारे फेरेही वाढलेले दिसतात.

प्रतिसाद २: राखाडी पाणी ब्रश झिजल्याचा पुरावा आहे, तो नीट बसल्याचा नव्हे. शिवाय पाण्याने बुशिंगमधले (फिरत्या दांड्याला, म्हणजे शाफ्टला, आधार देणाऱ्या कड्यातले) तेल निघून जाते आणि मोटर वाळवण्यात जरा हयगय झाली तरी शाफ्टला गंज धरतो. वाढलेल्या फेऱ्यांवर तर मुळीच विसंबू नये. मोटर अतिशय तापून चुंबक कमजोर झाला, तरी ती भाराविना अधिक वेगाने फिरते, कारण तिच्यात निर्माण होणारा उलटा विद्युतदाब घटतो. गाडीत बसवल्यावर मात्र तेवढ्याच जोरासाठी ती जास्त करंट ओढते आणि आणखी तापते. म्हणून फेऱ्यांसोबत करंटही मोजावा. भाराविना करंट उतरून स्थिरावला, तर ब्रश बसला असे मी मानतो.

प्रतिसाद १: करंट मी आजवर मोजला नव्हता, हे मान्य करतो. तरीही माझा हट्ट कायम आहे. एकाच खोक्यातल्या मोटरींमध्येही फरक असतो, म्हणून सहा मोटरी घेऊन तीन कोरड्या आणि तीन पाण्यात रुळवीन, आणि कोणती कशी रुळवली हे मोजणाऱ्याला सांगणार नाही.

प्रतिसाद ३: जिंकलेली मोटर उघडू नये, या समजुतीलाही कृपया अंधश्रद्धा म्हणू नका. ब्रश एकदा काढून परत बसवला की तो पूर्वीच्याच जागी टेकेल याची खात्री नसते, आणि मग त्याला पुन्हा रुळवावे लागते.