प्रतिकारशक्ती, पेशींचा 'संवाद' आणि अवधाण

कानामात्रा
आरोग्यावरच्या एका पुस्तिकेचं मुद्रितशोधन करतेय. पहिल्या पंधरा पानांत एकाच गोष्टीला पाच नावं भेटली: रोगप्रतिकारशक्ती, रोगप्रतिकारक शक्ती, प्रतिकारक्षमता, प्रतिरक्षा आणि एका चौकटीत नुसतंच 'इम्युनिटी'. लेखकांचं म्हणणं, कुठलंही ठेवा, अर्थ तोच. मला ते पटत नाहीये, पण का पटत नाही हेही धड सांगता येत नाही.
दुसरं, 'पेशी एकमेकींशी संवाद साधतात' हे वाक्य अकरा वेळा आलंय. साधतात म्हणजे नेमकं काय करतात? ते कळलं तर क्रियापद बदलता येईल.

जुनं पान
आधी लिहिण्याचं बघू. 'रोगप्रतिकारशक्ती' हा समास, म्हणून एकत्र. 'रोगप्रतिकारक' हे विशेषण, म्हणून त्यापुढची 'शक्ती' सुटी. दोन्ही बरोबर, पण एका पुस्तिकेत एकच हवं. 'शक्तीवर्धक' दिसलं तर मात्र ऱ्हस्व करा, 'शक्तिवर्धक'. 'प्रतिरक्षा' हिंदीतून आलंय. चूक नाही, पण मराठी कानाला ते सीमेवरच्या सैन्याचं वाटतं.
आता अर्थ. लॅटिन 'इम्युनितास' म्हणजे सूट. रोमन कायद्यात कर आणि सार्वजनिक कामांचं ओझं ज्याला माफ, तो 'इम्युनिस'. त्या शब्दात लढाई नाहीच, आहे ती माफी. गोवर एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही, ही ती माफी. आपल्या 'प्रतिकार'मध्ये मात्र समोर कुणीतरी उभा आहे आणि आपण त्याला तोंड देतोय.
चरकसंहितेच्या सूत्रस्थानात 'व्याधिक्षमत्व' आहे. अकराव्या शतकातल्या चक्रपाणिदत्ताने टीकेत त्याचे दोन पदर सांगितले: झालेल्या व्याधीच्या बळाला विरोध करणं आणि व्याधी उत्पन्नच होऊ न देणं. म्हणजे प्रतिकार आणि प्रतिबंध, दोन्ही एका शब्दात. आज हा शब्द पुस्तिकेत घाला असं नाही म्हणणार, कुणी वाचणार नाही.

सूक्ष्मदर्शी
मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. माझं भांडण 'शक्ती'शी आहे. शक्ती म्हटलं की लोकांना टाकी दिसते. ती भरलेली असते किंवा रिकामी, आणि रिकामी असेल तर काढा पिऊन भरायची. प्रत्यक्षात ती शेकडो प्रकारच्या रेणूंनी बांधलेली यंत्रणा आहे, आणि तिचं निम्मं काम स्वतःला आवरण्याचं आहे. 'वाढवा' म्हणणाऱ्यांना मी विचारते, अॅलर्जी म्हणजे काय? निरुपद्रवी परागकणावर तुटून पडलेली हीच यंत्रणा. संधिवाताच्या काही प्रकारांत ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. तिथे वाढवायची की कमी करायची? आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या (टी पेशी हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) शोधासाठी २०२५चं वैद्यकाचं नोबेल दिलं गेलं, यावरून त्या आवरण्याचं मोल कळावं.
माझं मत: 'प्रतिकारयंत्रणा'.

जुनं पान
बाई, टाकीचं पटलं, पण दोष 'शक्ती'चा नाही. स्मरणशक्ती, श्रवणशक्ती, विचारशक्ती, पचनशक्ती, यांत कुठे टाकी आहे? मराठीत 'शक्ती' जोडली की बहुतेक वेळा अर्थ 'ते करण्याची क्षमता' एवढाच होतो. खोड आहे ती 'वाढवा' या क्रियापदात. श्रवणशक्ती वाढवा असं कोणी म्हणत नाही, शाबूत ठेवा म्हणतात.

सूक्ष्मदर्शी
हे मान्य. मग अवयव, पेशी, रेणू यांबद्दल बोलताना 'यंत्रणा', आणि त्यांच्यामुळे शरीराला जे साधतं ती 'शक्ती'. दोन्ही राहू देत, पण एकाच्या जागी दुसरं नको.

एक शंका
मधेच विचारतो. 'पेशी' म्हणजे स्नायू ना? हिंदी पुस्तकात 'मांसपेशी' वाचलंय.

जुनं पान
हिंदीत पेशी म्हणजे स्नायू, आणि आपल्या पेशीला ते कोशिका म्हणतात. संस्कृतातही 'पेशी' मांसाचीच. आपण पेशी उचलून सेलला दिली आणि स्नायूसाठी 'स्नायू' घेतला, जो संस्कृतात कंडरा किंवा शीर अशा अर्थाने येतो. सगळं एकेक घर सरकलंय. मराठी पुस्तिकेत मात्र गोंधळ नको, पेशी म्हणजे सेलच.

कानामात्रा
छान. आता संवादाचं सांगा कोणीतरी. आणि अँटिबॉडीला 'प्रतिपिंड' ठेवू की 'प्रतिद्रव्य'?

सूक्ष्मदर्शी
प्रतिपिंड ठेवा. 'प्रतिद्रव्य' भौतिकशास्त्रवाल्यांनी अँटिमॅटरला दिलंय, आणि ते रक्तात सापडलं तर आपली धडगत नाही. शिवाय मूळ जर्मन शब्दातही 'काया' आहेच, म्हणजे पिंड बरोबर बसतो. तसंच 'प्रतिजन' (अँटिजेन) मधला 'जन' लोकांचा नाही, जनन करणारा. ज्याच्यामुळे प्रतिपिंड निर्माण होतात तो प्रतिजन.
जाता जाता, प्रतिपिंड बनवणाऱ्या 'बी पेशी'तला बी म्हणजे बोन मॅरो असं त्या पुस्तिकेत नक्की लिहिलेलं असणार. खोडा. तो बी कोंबडीचा आहे. पक्ष्यांच्या शेपटीकडे 'बर्सा' नावाची एक पिशवी असते, तिथे या पेशी तयार होतात हे आधी कळलं. माणसाला ती पिशवी नाही, आपल्यात ते काम अस्थिमज्जेत होतं. आद्याक्षर जुळलं हा योगायोग. टी मात्र खरोखर थायमसचा, म्हणजे छातीतल्या त्या नावाच्या ग्रंथीचा.
संवादाचं जेवून आल्यावर लिहिते, तिथे बरंच आहे.

कानामात्रा
पान नऊ. लिहिलेलं होतं. खोडलं.

सूक्ष्मदर्शी
आले. 'संवाद' मला का खटकतो ते सांगते. संवादात दोन माणसं आलटून पालटून बोलतात. पेशी तसं क्वचितच करतात. एक पेशी प्रथिनाचे बारीक रेणू बाहेर सोडते. ज्या पेशीच्या अंगावर त्या रेणूला बसण्याजोगा 'ग्राही' असतो, तिला ते कळतं. बाकीच्यांच्या अंगावरून ते वाहून जातं. कळलं म्हणजे काय, तर ग्राहीचा आकार थोडा बदलतो, आतल्या प्रथिनांची साखळी हलते आणि केंद्रकातली काही जनुकं चालू किंवा बंद होतात. रेणू बहुधा आत जातही नाही, दारावरची कडी वाजवतो.
या रेणूंना सायटोकाइन म्हणतात. त्यातल्या काहींचं नाव इंटरल्यूकिन, म्हणजे 'पांढऱ्या पेशींच्या आपसातलं'. नाव ठेवलं १९७९मध्ये. पुढे लक्षात आलं की ते पांढऱ्या नसलेल्या पेशीही सोडतात आणि यकृत, मेंदू सगळेच ऐकतात. इंटरल्यूकिन-६ यकृताला पोचलं की यकृत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन (रक्ततपासणीत दाह ओळखायला मोजतात ते) बनवू लागतं, मेंदूला पोचलं की ताप चढायला मदत होते. सांगणं एकच, करणं ज्याचं त्याचं.

जुनं पान
मग 'निरोप' म्हणा की. निरोप एकाने पाठवायचा, दुसऱ्याने घ्यायचा.

कानामात्रा
'पेशी निरोप घेतात' असं छापलं तर वाचक हात हलवेल.

जुनं पान
खरंय. 'सांगावा'ही चालणार नाही, तो ठरलेल्या माणसाला धाडतात. इथे ज्याला कान आहे तो ऐकतो. मग 'हाक'! बाई, अंतराचं काय असतं?

सूक्ष्मदर्शी
अंतरावरूनच प्रकार पडतात. शेजारच्यांपुरतं सोडलेलं, ती हाक. रक्तातून सगळीकडे गेलेलं, ती दवंडी, संप्रेरकं तशीच जातात. पेशीला पेशी चिकटवून सांगितलेली, ती कानगोष्ट. टी पेशीला जागं करणं हे बरंचसं कानगोष्टीचं काम आहे: समोरची पेशी जंतूचा तुकडा धरून दाखवते, शिवाय दुसरी खूणही पटावी लागते. तुकडा आहे पण खूण नाही, तर टी पेशी उठत नाही, उलट सुस्त होते. आणि जागी झालेली टी पेशी इंटरल्यूकिन-२ सोडते ते स्वतःच ऐकून स्वतःच वाढीला लागते. ते काय म्हणायचं?

जुनं पान
स्वगत.

सूक्ष्मदर्शी
वा! उद्या वर्गात सांगते.

एक शंका
पायात काटा मोडला की जांघेत गाठ येते, त्याला आमची आजी 'अवधाण आलं' म्हणायची. तो यातलाच प्रकार का?

सूक्ष्मदर्शी
यातलाच, आणि या धाग्यातला सर्वांत नेमका शब्द तुम्ही काढलात. काटा अंगठ्यात, गाठ जांघेत, आणि त्या दोघांचा संबंध आजीच्या एका शब्दात. मधे काय घडतं ते बघा. काट्याबरोबर जंतू आत गेले. तिथल्या भक्षक पेशींनी हाक दिली, शेजारच्या रक्तवाहिन्या सैल झाल्या, म्हणून लाली, ऊब, सूज, ठणका. काही तासांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी येऊन पोचल्या. ही उपजत बाजू. दरम्यान फांद्या फुटल्यासारख्या दिसणाऱ्या डेंड्रायटिक पेशी जंतूंचे तुकडे घेऊन लसीकावाहिन्यांतून वर निघाल्या, त्या जांघेतल्या लसीका ग्रंथीत शिरल्या. तिथे लाखो टी पेशींतून तो तुकडा ओळखणारी सापडेपर्यंत कानगोष्टी चालतात. सापडली की ती दुपटीने वाढत जाते. येणाऱ्या पेशी अडवून ठेवलेल्या, आतल्या वाढलेल्या, म्हणून ग्रंथी फुगते आणि हाताला लागते. ही कमावलेली बाजू, हिला काही दिवस लागतात. गाठ काटा निघून गेल्यावर बरेच आठवडे राहिली, किंवा काहीच कारण नसताना आली, तर ते अवधाण समजू नका, दाखवून घ्या.

जुनं पान
आणि 'लसीका'तली लस तीच, जखमेतून पाझरते ती. देवीच्या काळात फोडातली लस काढूनच दुसऱ्याला टोचत. पुढे लस बाटलीत आली, नाव तेच राहिलं.

कानामात्रा
लेखकांशी बोलले. 'यंत्रणा' आणि 'शक्ती' वेगळे करायला तयार आहेत. अकरा 'संवादां'पैकी सहा 'हाका', दोन 'कानगोष्टी', एक 'दवंडी', दोन तसेच राहिले, कारण तिथे दोन्ही पेशी खरंच एकमेकींना उलट उत्तर देतात. 'अवधाण' मात्र त्यांना ठाऊकच नव्हतं. पान बाराची चौकट त्यासाठी मोकळी केलीय, पण 'धा'पुढे ण की न यावर अडलोय. छपाई गुरुवारी.