'शिकारी कोळी' म्हणावं की आणखी काही?

होटगीरोडकर: मुलीच्या शाळेच्या तक्त्यासाठी घरात दिसणाऱ्या जिवांची माहिती मराठीत लिहितोय. 'हंट्समन स्पायडर'पाशी अडलोय. तळहाताएवढा, चपटा, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले. दिवा लावला की सुळकन कपाटामागं जातो, तोच. जाळं लावून बसत नाही, रात्री फिरून झुरळं धरतो. प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७६७ साली त्याच्या नावात 'व्हेनाटोरिया' घातलं, त्याचा अर्थही शिकारीचाच. म्हणून 'शिकारी कोळी' लिहिलं, तर मुलगी म्हणते, "बाबा, कोळी तर मासे धरतात ना?" दुसरा शब्द आहे का?

बाराबंदी: आमच्यात नुसतं 'मोठा कोळी' म्हणत्यात. आई झाडू घेऊन मागं लागायची, आजी म्हणायची, राहू दे की, झुरळं खातंय. लोकांच्या तोंडात नाही ते नाव तक्त्यावर कशाला?

कोशप्रेमी: 'मोठा' हे वर्णन झालं, नाव नव्हे. मराठीत कोळ्याला 'कांतीण' आहे. कांतणे म्हणजे सूत काढणे, त्यावरून. आणि मासे धरणाऱ्या कोळ्यावरून किड्याला नाव पडलं, हे मला पटत नाही. प्राकृतात 'कोलिअ' म्हणजे विणकर आणि हा किडा कोळी, दोन्ही.

मागावरची: आमची घरची भाषा तेलुगू. सोलापूरच्या पूर्व भागात पद्मशाली विणकरांच्या घरी कोळ्याला 'सालेपुरुगु' म्हणतात. साले म्हणजे विणकर, पुरुगु म्हणजे किडा. तेलुगूतही विणकरच निघाला!
एक मात्र सांगते. आमच्या मागाच्या खोलीत सुताच्या कांड्यांच्या टोपलीमागून अशी एक मादी निघाली होती. पोटाखाली रुपयाएवढी चपटी, पांढरी पुडी घट्ट धरलेली. वाकून बघितलं तर पोत दाट कापडासारखा, कड जणू दुमडून शिवलेली. ती अंड्यांची पिशवी, तिनंच स्वतःच्या धाग्याची केलेली. तेव्हा 'जाळं लावत नाही' लिहा, 'विणत नाही' लिहू नका.

होटगीरोडकर: तसंच लिहितो. पण 'कांतीण' पाचवीच्या पोरांना कळेल?

कोशप्रेमी: न शिकवता कुठला शब्द कळतो? आपण वापरत नाही म्हणून शब्द जातात.

बाराबंदी: माझ्या आजीला जो ठाऊक नव्हता, तो माझ्या पोराला मराठी म्हणून का शिकवू?

बार्शीचंआजोळ: संस्कृत 'लूता'चं काय झालं बघा. लूता म्हणजे कोळी, आणि कातडीचा एक रोगही. मराठीत कोळी हा अर्थ गळाला, रोगाचा राहिला: लूत लागलेलं कुत्रं. अंगावर फोड आले की आजही आजोळी 'कोळी मुतला' म्हणतात.

मागावरची: ते तेवढं तक्त्यावर नको. त्याच समजुतीपायी दिसला की चप्पल घेतात.

कोशप्रेमी: समजूत चूक असेल, पण शब्दाचा माग तिथूनच लागतो. ती गाळून 'लूत' कशी समजावणार?

होटगीरोडकर: तक्त्यात 'कोपऱ्यातली जळमटं याची नव्हेत, दुसऱ्या कोळ्यांची' असंही लिहिलंय. बरोबर आहे ना?

कोशप्रेमी: माहिती बरोबर, शब्द चुकला. कोळ्याचं ते कोळिष्टक. धूळ बसून काळं पडून लोंबायला लागलं की जळमट.

बाराबंदी: आमच्यात दोन्ही जळमटंच. दिवाळीआधी घरोघरी जळमटं काढत्यात. 'कोळिष्टकं काढली' असं सोलापुरात कोण म्हणतंय, दाखवा.

बार्शीचंआजोळ: बार्शीत म्हणतात. माझी मावशी म्हणते.