माळ घातलेली माणसं पाहा

"जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही" म्हणजे माणूस बदलतच नाही, असं इथे एका दादांनी लिहिलंय, ते मला पटत नाही. वर्षानुवर्षं त्याच माणसांचा मागोवा घेणाऱ्या मानसशास्त्रीय अभ्यासांत दिसलंय की विशी ते चाळिशीत बहुतेकांची शिस्त आणि जबाबदारीची जाणीव वाढते. बरोबरीच्यांत कोण जास्त, कोण कमी हा क्रम मात्र फारसा हलत नाही. भावंडांत जो तापट, तो निवळला तरी बहुधा त्यांच्यात तापटच राहतो.

पण वागणं? आमच्या बीड जिल्ह्यात तुळशीची माळ घालून दारू-मटण कायमचं सोडलेली कितीतरी माणसं आहेत. नुसत्या निश्चयावर हे जमत नाही. माळ गळ्यात दिसते, सगळं गाव बघतं, एकादशी धरावी लागते. संध्याकाळी हरिपाठाला बसलं की गुत्त्याची वेळच मोडते, सोबत बदलते. माझे चुलते असेच सुटले. राग अजून तोच, बैल अडला की शिव्या घालतात. पण चुलतीवर आता हात उचलत नाहीत. माणूस बदलला का, ते तिला विचारा!

आणि सुटलेल्याला लग्नात आग्रह करून पाजणारे आपलेच पाहुणे असतात. त्यांना आधी थांबवा.